आवाज करणारा, खालून गळणारा गिझर: केळीपट्ट्यातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या यावल-रावेर पट्ट्यातलं हे घर. केळीचा मुलूख, गाळाची खोल जमीन, आणि शेताला काय किंवा घराला काय, पाणी बोअरचंच. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरमालकांना इथे घरच्यांप्रमाणे नुसतं नाना म्हटलं आहे.

घर दुमजली. गच्चीवर हजार लिटरची टाकी, वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये 25 लिटरचा उभा गिझर, 2000 वॉटचा. आतली टाकी पोलादी, तिला आतून काचेचा मुलामा. वय सहा वर्षं. खानदेशात गिझरचा हंगाम साधारण कोजागरी ते होळी. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचंच पाणी दुपारी अंगावर घेववत नाही, तेव्हा गिझरला सुट्टीच. म्हणजे सहा वर्षं हे प्रत्यक्षात सहा हिवाळे धरायचे.

या सहा वर्षांत घरात दोन बदल झाले, आणि पुढचं सगळं त्या दोन बदलांशी जोडलेलं आहे. पहिला, दोन वर्षांपूर्वी शॉवरला जोर यावा म्हणून गच्चीवर अर्ध्या एचपीचा प्रेशर पंप बसला. त्याआधी पाणी उताराने येत होतं, गिझरवर दाब जेमतेम 0.4 बार. पंपानंतर तो 2.2 बारपर्यंत जाऊ लागला. दुसरा बदल तक्रार आली त्या हिवाळ्यातला: मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली. बाळ-बाळंतिणीचं न्हाऊ-माखू, दुपटी, शेक, यासाठी गिझर दिवसातून तीनदा लागू लागला आणि कुणीतरी थर्मोस्टॅटची खुंटी शेवटपर्यंत, 75 अंशांवर नेऊन ठेवली.

तक्रार

तक्रार दुहेरी होती. गिझर सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांत आतून तडतड सुरू व्हायची, ती वाढत जाऊन भाताच्या पातेल्यासारखी खदखद व्हायची. पहाटे शेजारच्या खोलीत झोपलेलं बाळ त्या आवाजाने उठायचं. आणि तळाच्या प्लास्टिकच्या झाकणातून पाणी ठिपकायचं, तेही वायर आत शिरते त्याच बाजूने. दोन वेळा एमसीबी, म्हणजे करंट जादा झाला की वीज तोडणारा स्विच, पडली होती. झाकणाखाली बादली ठेवून काम चाललं होतं.

नानांचं म्हणणं सोपं होतं: कॉइल गेली असेल, बदलून द्या, पाणी वायसरमधून येत असेल, तोही बदला. दोन्ही अंदाज निम्मे बरोबर निघाले. पण तेवढंच करून तंत्रज्ञ निघून गेला असता, तर महिन्याभरात तोच गिझर तिथूनच पुन्हा गळला असता.

आधी काय काय झालं होतं

गळती जुनी आहे का, असं विचारल्यावर नाना आधी नाही म्हणाले. मग घरातून आठवण निघाली: पंप बसवला त्या हिवाळ्यात गिझरखालच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या नळीतून पाणी ठिपकत होतं. गावातल्या प्लंबरने व्हॉल्व्ह बदलला. नवाही ठिपकायला लागला. तेव्हा त्याने व्हॉल्व्हच्या नळीच्या तोंडात पितळी स्क्रू फिरवला, वरून एम-सील थापलं, आणि ठिपकणं थांबलं. काम झालं म्हणून पैसेही दिले गेले.

सगळ्या प्रकरणातला सगळ्यात धोक्याचा निर्णय हाच, आणि दुर्दैवाने आपल्याकडे तो सर्रास होतो. त्या नळीतून पाणी का येतं हे समजलं, की तो स्क्रू किती महागात पडू शकतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

पाणी तापलं की फुगतं. 20 अंशांचं पाणी 60 अंशांवर नेलं तर त्याचं आकारमान साधारण दीड टक्क्याने वाढतं. 25 लिटरच्या टाकीत हे जवळपास 380 मिलीलिटर, म्हणजे मोठ्या पेल्याहून जास्त. थर्मोस्टॅट 75 वर असेल तर 600 मिलीलिटरच्या आसपास. हे जास्तीचं पाणी कुठेतरी जायला हवं. पूर्वीच्या तांब्याच्या बंबाचं तोंड उघडं असायचं, पाणी फुगलं तरी दाब साठायचा नाही. गिझर बंद डबा आहे. त्याच्या थंड पाण्याच्या तोंडाशी जो व्हॉल्व्ह असतो, त्यात दोन कामं एकत्र असतात: तापलेलं पाणी उलटं थंड पाइपात जाऊ न देणं, आणि टाकीतला दाब ठरावीक मर्यादेपुढे, घरगुती गिझरला बहुतेक 8 बारपुढे, गेला की बाजूच्या नळीतून पाणी सोडून देणं.

तापताना पेलाभर पाणी ठिपकणं आणि गिझर बंद झाल्यावर ते थांबणं, ही व्हॉल्व्ह चालू असल्याची खूण आहे.

मग पंपाआधी चार वर्षं ते ठिपकत का नव्हतं? याचं उत्तर मोडीच्या डब्यात सापडलं. प्लंबरने काढलेला जुना व्हॉल्व्ह नानांनी टाकला नव्हता. तो तोंडाला लावून फुंकलं तर दोन्ही बाजूंनी हवा आरपार जात होती. आतली उलटा प्रवाह रोखणारी चकती क्षाराचा हरभऱ्याएवढा खडा अडकून अर्धवट उघडी राहिली होती. म्हणजे ती चार वर्षं फुगलेलं पाणी मागच्या मागे थंड पाइपातून गच्चीवरच्या टाकीत जात होतं. पंप आला, पंपाच्या तोंडाशी त्याचा स्वतःचा एकदिशा व्हॉल्व्ह असतो, आणि ती मागची वाट बंद झाली. पाणी नळीतून येऊ लागलं. मग नळीही बंद केली.

त्यानंतर पहाटे गिझर चालू करून कुणी नळ उघडत नसे, त्या पाऊण तासात टाकीतला दाब वाढत राहायचा आणि जिथे सगळ्यात कमकुवत जागा, तिथून वाट काढायचा. ती जागा म्हणजे कॉइल जिच्यावर बसते त्या तळाच्या प्लेटचं गॅस्केट, नाना म्हणाले तो वायसर. पहिला हिवाळा गॅस्केटने तग धरला. दुसऱ्या हिवाळ्यात 75 अंश आणि दिवसातून तीन वेळा, तेव्हा हार मानली.

तपासणी

पहिली गोष्ट, वापर तिथल्या तिथे थांबवला. तंत्रज्ञाचे शब्द होते, "नाना, दोन दिवस चुलीवर पाणी तापवा, पण हा चालू करू नका." घरात बाळंतीण असताना हे सांगणं सोपं नव्हतं, आणि नानांना ते पटायला वेळ लागला. पण सुटकेची नळी बंद असलेल्या गिझरचा थर्मोस्टॅट जर अडकला, तर पाणी शंभर अंशांपुढे जाऊनही दाबामुळे उकळत नाही. टाकी फुटली की ते एका क्षणात वाफ होतं. थर्मोस्टॅटनंतर एक थर्मल कटआउट, म्हणजे पाणी फार तापलं की वीज तोडणारा भाग, असतो खरा, पण क्षाराने लेपलेल्या घरात त्याच्या भरवशावर किती राहायचं?

स्क्रू आणि एम-सील काढल्यावर, तंत्रज्ञ समोर उभा असताना, गळती नेमकी कुठून आणि कधी होते हे पाहण्यासाठी एक वेळ गिझर चालवून पाहिला. त्याआधी एमसीबी बंद करून तळाचं झाकण उतरवलं, सगळे सांधे कोरडे पुसले, त्यांवर खडूची भुकटी भुरभुरली आणि उघड्या वायरिंगपाशी कुणी जाणार नाही याची व्यवस्था केली. थंड अवस्थेत, पंपाचा पूर्ण 2.2 बार दाब असताना, दोन तास काहीच ओलं झालं नाही. तापायला लागल्यावर वीसेक मिनिटांनी व्हॉल्व्हची नळी ठिपकू लागली, आणि थोड्या वेळाने प्लेटच्या मागच्या कडेला खडूत बारीक ओली रेघ उमटली. गरम पाण्याचा नळ क्षणभर उघडला की रेघ वाढायची थांबायची.

या चाचणीने बराच निकाल लागला. टाकीला भोक पडलं असतं तर थंड असतानाही गळलं असतं, आणि पाण्याबरोबर गंजाचा तांबूस ओघळ आला असता. इथे ओघळ पांढरा होता, म्हणजे नुसता क्षार. गळती दाबाबरोबर वाढत-घटत होती, म्हणजे दोष सांध्याचा.

आवाजाचंही असंच वेगळं करून पाहावं लागतं. नळ बंद करताना एकदाच "धाड" होत असेल तर तो पाइपातल्या पाण्याचा धक्का, गिझरचा त्याच्याशी संबंध नाही. प्रेशर पंप असलेल्या घरात हे फार ऐकू येतं. तापताना आणि निवताना अधूनमधून टिकटिक होत असेल तर पत्रा फुगतो-आकसतो, दुर्लक्ष करावं. इथली खदखद कॉइल सुरू झाल्यावर वाढायची आणि एमसीबी बंद केल्यावर मिनिटभरात विरायची. कॉइलवर क्षाराचं कवच जमलं की कवचाच्या आत अडकलेलं पाणी तिथल्या तिथे उकळतं, वाफेचे बुडबुडे बाहेर येऊन थंड पाण्यात फटाफट मिटतात. तोच हा आवाज.

पाणी तपासलं. पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून किती हे सांगणाऱ्या टीडीएस मीटरने 760 दाखवलं. पण टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे, तो मीटर मीठ आणि चुना यांत फरक करत नाही. थेंबांच्या किटने जडपणा मोजला तो कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात 480 मिलीग्रॅम प्रति लिटर आला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, 200 ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतं. म्हणजे हे पाणी नियमात बसणारं आहे, गिझरला मात्र जड. दिवसाला 80 लिटर पाणी गिझरमधून गेलं तर त्याबरोबर जवळपास 38 ग्रॅम क्षार जातो. त्यातला विसावा भाग जरी आत बसला तरी रोजचे दोन ग्रॅम, हंगामातले चारच महिने धरले तरी सव्वादोनशेच्या वर, सहा हिवाळ्यांचे सव्वा ते दीड किलो.

मग विजेचा मेन बंद, गिझरला पाणी देणारा अँगल कॉक बंद, गरम नळ उघडा, आणि टाकी रिकामी. गरम नळ उघडा ठेवला नाही तर आत हवा शिरत नाही आणि पाणी उतरत नाही. नवशिक्यांचा अर्धा तास इथेच जातो. वीज खरंच बंद आहे का हे टेस्टर आणि मल्टिमीटर दोन्हींनी पाहिलं. वायरींचा फोटो काढून ठेवला. प्लेटचे नट सुटल्यावर प्लेट सहज खाली आली नाही, कारण कॉइल आतल्या ढिगात रुतली होती. हलवत-हलवत बाहेर काढली तेव्हा कॉइलचे वेढे दिसतच नव्हते. पांढुरक्या, पोपडे सुटलेल्या लिंपणाचा एकच गोळा होता. मागोमाग घमेल्यात पडलेला चुरा आणि खडे मिळून दीड किलोच्या घरात भरले. टाकीच्या पोलादाऐवजी स्वतः झिजण्यासाठी आत बसवलेली मॅग्नेशियमची कांडी पूर्ण संपली होती, फक्त आतली तार उरली होती. थर्मोस्टॅटच्या नळीवरही बोटभर लेप होता, त्यामुळे त्याला टाकीतलं खरं तापमान उशिरा कळत होतं. गॅस्केट चपटं होऊन एका बाजूला दबलं होतं.

मोबाइलचा टॉर्च आणि आरसा घालून आतला मुलामा पाहिला. भिंती स्वच्छ. पण तळाच्या मानेपाशी रुपयाच्या नाण्याएवढा तपकिरी डाग होता. नखाने खरवडला तर खोलगट लागला नाही. या डागावर पुढे बराच खल झाला.

तोलून पाहिलेले पर्याय

नवा गिझर. घरातल्या तरुण मंडळींचा हाच आग्रह होता. खर्च सात ते दहा हजार. पण पाणी तेच, पंप तोच, आणि व्हॉल्व्हबद्दलचा समज तोच राहिला तर नवा गिझरही याच वाटेने गेला असता. शिवाय टाकी अजून गळत नव्हती.

ॲसिड. हा पर्याय नानांचा, आणि त्यामागे शेतीतला अनुभव होता. केळीच्या ठिबकच्या नळ्यांमध्ये क्षार बसला की हायड्रोक्लोरिक ॲसिडची ट्रीटमेंट देतात, ड्रीपर मोकळे होतात. कॅन गोठ्यात पडलेलाच होता. "नळ्या साफ होतात, मग हा का नाही होणार?" हा प्रश्न रास्त आहे. उत्तर नळीच्या धातूत आहे, खरं तर धातू नसण्यात: ठिबकची नळी प्लास्टिकची, तिला ॲसिड काही करत नाही. गिझरमध्ये तांब्याची किंवा स्टेनलेसची कॉइल, पितळी जोड, आणि काचेच्या मुलाम्याला जिथे बारीक चीर असेल तिथे उघडं पोलाद. हायड्रोक्लोरिक ॲसिड क्षार खाऊन थांबत नाही. स्टेनलेसला तर त्यातलं क्लोराइड बारीक छिद्रं पाडतं, जी लगेच दिसत नाहीत. बंद बाथरूममध्ये त्याचा धूर छातीत जातो तो वेगळाच. आणि आतमध्ये दीड किलो क्षार असताना वरून ॲसिड ओतलं तर फेस नळ्यांवाटे बाहेर उसळतो.

टाकी न उघडता लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, आत भरून ठेवणं. हा सौम्य मार्ग, पण हिशेबात बसत नव्हता. एक किलो कॅल्शियम कार्बोनेट विरघळवायला सव्वा किलोहून जास्त सायट्रिक ॲसिड लागतं. दीड किलोला जवळपास दोन किलो. त्यातून द्रावण घट्ट झालं की कॅल्शियम सायट्रेट स्वतःच चिखलासारखं खाली बसतं. थर पातळ असेल तेव्हा हा उपाय उत्तम. ढीग मात्र हातानेच काढावा लागतो.

चौथा पर्याय, उघडून साफ करणं आणि झिजलेले भाग बदलणं. तोच निवडला.

पाण्याच्या बाजूने काय करायचं यावर स्वतंत्र चर्चा झाली. मिठावर चालणारा सॉफ्टनर सगळ्या घराला बसवणं हा पक्का उपाय, पण खर्च मोठा, मिठाच्या गोण्या आणि धुलाईचं खारट पाणी परसात सोडायचं, तेही केळीच्या बुंध्याशी. नानांना ते नको होतं. गिझरच्या तोंडाशी पॉलिफॉस्फेटचं छोटं कार्ट्रिज बसतं. ते क्षार काढून टाकत नाही, त्याला घट्ट चिकटू देत नाही. त्याची ताकद साधारण 60 अंशांपर्यंतच टिकते. त्यामुळे कार्ट्रिज लावायचं तर खुंटी 75 वरून खाली आणणं आलंच. पाइपाला बाहेरून बांधायचं चुंबक दुकानदार आग्रहाने सुचवत होता, ते घेतलं नाही.

केलेलं काम

टाकीतला ढीग लाकडी उलथन्याने आणि हाताने काढला, लोखंडी खरवडणं वापरलं नाही, कारण मुलाम्याला एक ओरखडा पुरतो. मग थंड पाणी सोडून तीन-चार वेळा टाकी धुतली. कॉइल लिटरला 50 ग्रॅम सायट्रिक ॲसिड अशा बादलीत रात्रभर ठेवली, वायरीची टोकं पाण्याबाहेर. सकाळी बहुतेक कवच गळून पडलं होतं.

इथे दुसरा खरा निर्णय होता: साफ झालेली कॉइल परत बसवायची का? मल्टिमीटरने रोध 26.8 ओहम आला. 230 व्होल्टवर 2000 वॉटच्या कॉइलचा रोध 26.5 च्या आसपासच असायला हवा, म्हणजे कॉइल जळलेली नव्हती. बरेच जण इथेच थांबतात. पण 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्शुलेशन मोजायच्या मीटरने, कॉइल आणि तिचं आवरण यांमधलं इन्शुलेशन मोजलं तर ते 0.4 मेगाओहम निघालं. किमान 1 मेगाओहम तरी हवं. क्षाराच्या कवचाखाली कॉइल नको इतकी तापत राहते, आवरणाला बारीक तडा जातो, आत ओल शिरते. एवढ्याने एमसीबी पडत नाही. ती पडण्याचं कारण बहुधा झाकणातून वायरीवर उतरणारं पाणी. नवी कॉइल घेतली.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. क्षार बसला की गिझर जास्त वीज खातो असं सगळे म्हणतात. कॉइल पाण्यात बुडालेली असते, तिची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. 25 लिटर पाणी 20 वरून 60 वर न्यायला सव्वा युनिटच्या आत वीज आणि 2000 वॉटला पस्तीस मिनिटं, हा हिशेब क्षाराने फारसा बदलत नाही. क्षार बिल वाढवण्यापेक्षा कॉइल मारतो.

नवी मॅग्नेशियमची कांडी, नवं गॅस्केट, नवा सेफ्टी व्हॉल्व्ह. गॅस्केट कोरडंच बसवलं, ना ग्रीस ना एम-सील. नट समोरासमोरचे, आलटूनपालटून, तीन फेऱ्यांत आवळले. एकच बाजू आधी करकचून आवळली की गॅस्केट पुन्हा तिरकं दबतं. व्हॉल्व्हवरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे हे पाहिलं. त्याच्या नळीला पारदर्शक पाइप लावून तो सलग उताराने फरशीवरच्या जाळीपर्यंत नेला, टोक उघडं आणि नजरेसमोर. त्या पाइपात कुठेही कॉक नाही.

वीज देण्याआधी टाकी पूर्ण भरली. गरम नळातून हवेचे गचके थांबून सलग धार येईपर्यंत वाट पाहिली. रिकाम्या टाकीत कॉइल सुरू झाली तर नवी कॉइल काही मिनिटांत जाते.

विजेच्या बाजूला आणखी एक गोष्ट निघाली. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये 18 व्होल्ट दिसत होते. अर्थिंगचा खड्डा घरामागे वाळून कोरडा पडला होता. वायरमनने तो मोकळा करून मीठ-कोळसा भरला, पाणी घातलं. आकडा 3 व्होल्टच्या खाली आला. गिझरच्या लाइनवर 30 मिलीॲम्पियरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, बसवलं. एमसीबी जादा करंट पाहते, माणसाला बसणारा झटका ती ओळखत नाही.

थर्मोस्टॅट 60 वर आणला. वेळाही बदलल्या: तापायला लावून पाऊण तास विसरून जाण्याऐवजी, बाळाच्या आंघोळीच्या जरा आधी सुरू करायचा आणि थोडं कोमट झाल्यावर कपड्यांसाठी पाणी घ्यायला सुरुवात करायची. तापताना पाणी काढत राहिलं की दाब साठतच नाही. फुगलेलं पाणी सामावणारी छोटी एक्स्पान्शन टाकीही बसवता येते, पण जवळपासच्या बाजारात ती मिळत नव्हती आणि ठिपकण्याला आता कुणाची हरकत उरली नव्हती.

निकाल

पहिल्या चाचणीत पाइपाखाली मापाचं भांडं ठेवलं. पाणी 60 अंशांवर जाईपर्यंत 350 मिलीलिटर जमलं, हिशेबाच्या अगदी जवळ. थर्मोस्टॅटने कॉइल बंद केल्यावर ठिपकणं थांबलं. भांडं घरच्यांच्या समोर भरलं, हे बरं झालं; त्यानंतर ते पाणी पाहून कुणी घाबरलं नाही. खदखद गेली, हलका सूं आवाज राहिला, तो कुठल्याही गिझरला असतो. प्लेटची कड कोरडी. कॉइल, कांडी, गॅस्केट, व्हॉल्व्ह मिळून सुटे भाग दोन हजारांच्या आसपास, आरसीसीबी आणि मजुरी वेगळी.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला, हंगाम सुरू होण्याआधी, गिझर ठरल्याप्रमाणे पुन्हा उघडला. दोनेक वाट्या चुरा निघाला, तोही भुसभुशीत. कॉइलवर पातळ थर होता, तो सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात दोन-तीन तासांत गेला. कांडी मात्र निम्म्याहून जास्त झिजली होती.

काय वेगळं करता आलं असतं

पंप बसवला त्या दिवशी गिझरचा व्हॉल्व्ह तपासायला हवा होता. पंप लावणारा पंप लावून जातो, गिझरवाला गिझर पाहतो, आणि मधल्या पाइपात काय बदललं हे कुणाच्याच कामात येत नाही. नवा पंप बसला की गिझर तापवून नळीखाली पेला ठेवणं, एवढी चाचणी पुरली असती.

प्लंबरने पहिला व्हॉल्व्ह बदलला यात चूक नव्हती, जुना अडकलेलाच होता. नवाही ठिपकतो म्हटल्यावर दोष व्हॉल्व्हमध्ये नसून पाण्याला जागा नसण्यात आहे, हे तिथे सुचायला हवं होतं. थंड असतानाही सतत पाणी येत असतं तर गोष्ट वेगळी: तेव्हा व्हॉल्व्हच्या बैठकीवर कचरा असतो किंवा आवकीचा दाब जास्त असतो. तापतानाच येतं की नेहमी येतं, हा एक प्रश्न विचारला असता तर स्क्रूपर्यंत वेळ आली नसती.

घरच्यांच्या हातात होतं ते काम महिन्याचं: व्हॉल्व्हचा छोटा खटका उचलून थोडं पाणी वाहू देणं आणि सोडणं. 480 जडपणाच्या पाण्यात न हलवलेला व्हॉल्व्ह बंद अवस्थेतही गच्च धरतो, आणि तसा धरलेला व्हॉल्व्ह म्हणजे स्क्रू न लावताच बंद केलेली नळी. पाणी गरम असताना हे करू नये, हातावर येतं.

कांडीची मुदत ठरवताना तंत्रज्ञाचा पहिला अंदाज दोन वर्षांचा होता. दसऱ्याला उघडल्यावर तो वर्षाला एक असा बदलावा लागला. पाण्याची विद्युतवाहकता टीडीएसवरून आधीच कळली होती, आणि क्षारयुक्त पाण्यात मॅग्नेशियम भराभर संपतं. सुरुवातीलाच वर्षभराची मुदत सांगता आली असती.

मानेपाशी असलेला तपकिरी डाग दुसऱ्या वेळी किंचित पसरलेला दिसला. नवी कांडी त्याचा वेग कमी करते, थांबवत नाही. घरात आता ठरलं आहे की तळाच्या झाकणाखाली तांबूस ओघळ दिसला, थंड असताना दिसला, तर गॅस्केट-बिस्केट न पाहता टाकी मोडीत काढायची. त्या वेळी नवा गिझर 15 लिटरचा घ्यायचा की 25 चा, यावर मात्र अजून एकमत नाही. बाळ-बाळंतीण सासरी गेल्यावर घरात माणसं तीनच उरतात.